टेनिसमध्ये फोरहँडला रॅकेट धरायची कशी: कोयता, शेकहँड आणि हँडलच्या आठ कडा

गेल्या आठवड्यात संकेश्वरहून एका पोराच्या वडिलांचा फोन आला, "सर, पोरगं फोरहँड मारलं की बॉल मागच्या जाळीलाच जालाय बघा, रॅकेट बदलू काय?" मी विचारलं, रॅकेट धरतो कशी तो? तर म्हणाले, धरतोय की सगळ्यांसारखीच. पुढं बोलता बोलता कळलं की पोरगं सर्व्हिसला जी मूठ धरतं त्याच मुठीनं फोरहँड (रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूचा फटका) पण मारतंय, त्यामुळं रॅकेटचं तोंड आभाळाकडं उघडं राहतंय आणि बॉल उडतोय. आठ हजाराची नवी रॅकेट घेतली असती तरी बॉल जाळीलाच गेला असता. खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं पण असेच प्रश्न येतात, आपल्या भागात टेनिस शिकवणारे कमी, पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकतात, आणि व्हिडिओत अल्काराझसारख्या मोठ्या खेळाडूचा फटका दिसतो पण त्याच्या तळहाताखाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय, रॅकेट हातात घेऊनच वाचा, त्याशिवाय कळणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण सगळा लेख तिच्यावरच उभा आहे. ग्रिप, म्हणजे रॅकेट धरायची मूठ, ही कुठल्या खेळाडूची आवडते म्हणून धरायची नसते. बॉल तुम्हाला किती उंचीवर भेटतो आणि अंगाच्या किती पुढं भेटतो, यावरनं ती ठरते. नदालसारखा जगातला मोठा खेळाडू असो की आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतला सातवीतला पोरगा, दोघांना हाच हिशोब लागतो.

हँडलला नंबर घाला

हँडल गोल नसतं, त्याला आठ कडा असतात, इंग्रजीत बेव्हल म्हणतात, आमच्या कोर्टावर पोरं नुसतं "कड" म्हणतात. रॅकेट अशी धरा की तिची फ्रेम जमिनीवर उभी राहील, म्हणजे रॅकेटच्या तारांच्या जाळीचं एक तोंड डावीकडं आणि एक उजवीकडं. आता हँडलची सगळ्यात वरची सपाट कड म्हणजे १ नंबर. बुडाकडनं बघत घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मोजत जा, वरची उजवी तिरकी कड २, उजवीकडची सपाट ३, खालची उजवी तिरकी ४, एकदम खालची ५, मग पुढं ६, ७, ८. स्केचपेननं हँडलच्या बुडाच्या गोल टोपणावर हे आकडे खरंच लिहा, माझ्या बॅचमधल्या प्रत्येक पोराच्या रॅकेटवर लिहिलेले आहेत. पोरं पहिल्या दिवशी लाजतात, दुसऱ्या दिवशी एकमेकांचे नंबर तपासत बसतात.

डावखुऱ्यांनी उलट्या दिशेनं जायचं, म्हणजे उजव्या हाताचा २ तो डाव्याला ८, ३ तो ७, ४ तो ६, आणि ५ दोघांनाही ५ च. पुढं मी सगळं उजव्या हाताचं सांगतोय, डावखुऱ्यांनी बदलून घ्यावं.

आता हातावरची खूण. तर्जनी जिथं तळहाताला जोडली जाते तिथं, तळहाताच्या बाजूनं, एक हाडाचा उंचवटा लागतो, दाबून बघा. हा उंचवटा कुठल्या नंबरवर बसला त्यावरनं ग्रिपचं नाव ठरतं. दुसरी खूण करंगळीखालच्या गादीसारख्या मांसल भागाची, तो पण साधारण त्याच कडेवर यायला पाहिजे. बरेच जण अंगठा आणि तर्जनीमधला व्ही कुठं येतो ते बघायला सांगतात, पण लहान हात आणि मोठ्या हातात तो व्ही वेगवेगळ्या ठिकाणी दिसतो, आणि बोटं जवळ धरली की लांब धरली त्यावर पण बदलतो, म्हणून मी तर्जनीच्या उंचवट्यावरच भरवसा ठेवतो.

आणखी एक, हात मुठीत घट्ट आवळून हातोड्यासारखा धरायचा नाही, तर्जनी बाकीच्या बोटांपासनं थोडी पुढं सरकवायची, बंदुकीच्या घोड्यावर ठेवल्यासारखी. त्यानं रॅकेटचं डोकं कुठं आहे ते हाताला कळत राहतं.

कोयता आणि शेकहँड: दोन पकडीतनं चार ग्रिप

पोरांना चार नावं एकदम सांगितली की गोंधळ होतो, म्हणून मी एक पद्धत काढली. आपल्याकडं चिकोडी, अथणी, निपाणी पट्ट्यातल्या पोरांना ऊस तोडायचा कोयता नवीन नाही. कोयता कसा धरतो? पातं उभं, मूठ वरनं, अंगठा वळून बोटांजवळ. दुसरी पकड म्हणजे शेकहँड, तळहात उभा, समोरच्याचा हात धरल्यासारखा. पकडी एवढ्या दोनच. रॅकेट धरायच्या आधी फक्त ठरवायचं की फ्रेम उभी आहे की आडवी. डाव्या हातानं रॅकेटचा गळा (हँडलच्या वरचा, फ्रेम सुरू होते तो भाग) धरून ठेवा आणि उजवा हात हँडलवर लावा.

फ्रेम उभी, कोयता पकड: उंचवटा २ वर आला. ही कॉन्टिनेंटल.

फ्रेम उभी, शेकहँड: उंचवटा ३ वर. ही ईस्टर्न.

आता ३ नंबरची कड वर येईल अशी रॅकेट झोपवा, जाळीचं एक तोंड जमिनीकडं आणि एक आभाळाकडं. कोयता पकड: उंचवटा ४ वर. ही सेमी वेस्टर्न.

तशीच झोपवलेली, शेकहँड, हात उजव्या बाजूनं: उंचवटा ५ वर. ही वेस्टर्न, म्हणजे पूर्ण वेस्टर्न.

रॅकेट झोपवून ग्रिप धरली की जे तोंड जमिनीकडं होतं त्याच तोंडानं फोरहँडला बॉल मारायचा, हे लक्षात ठेवा. करून बघा, दोन मिनिटात चारही येतात, आणि हँडलच्या बुडावरचे आकडे बघितले की बरोबर आली का ते लगेच तपासता येतं. माझ्याकडं चौथीतली एक पोरगी आहे, ती आता घरी तिच्या आज्जीला पण करून दाखवते.

मूठ फिरली की काय बदलतं

हे नीट कळलं की बाकीचं आपोआप सुटतं, म्हणून इथं जरा वेळ काढा. कमरेच्या उंचीवर, अंगाच्या थोडं पुढं, हात सैल ठेवून रॅकेट धरा, आणि २ पासनं ५ पर्यंत मूठ फिरवत जा, मनगट मुद्दाम वळवायचं नाही. २ वर असताना रॅकेटचं तोंड वर उघडतं. ३ वर ते जवळजवळ सरळ नेटकडं बघतं. ४ वर ते थोडं जमिनीकडं झाकतं. ५ वर चांगलंच झाकतं. आता ५ वर धरलेल्या रॅकेटचं तोंड सरळ नेटकडं करायचं तर काय करायला लागतं? हात आणखी पुढं आणि आणखी वर न्यायला लागतो. म्हणजे वेस्टर्नवाल्याचा बॉल छातीच्या, खांद्याच्या उंचीवर, अंगाच्या बराच पुढं सापडला तरच तोंड सरळ येतं. ईस्टर्नवाल्याला तो कमरेच्या उंचीवर, पुढच्या पायाच्या थोडा पुढं बास होतो. सेमी वेस्टर्न या दोघांच्या मध्ये, कमरेपासनं छातीपर्यंत.

टॉपस्पिन पण इथनंच येतो. झाकलेलं तोंड घेऊन बॉल नेटवरनं न्यायचा तर रॅकेट खालनं वर ओढायलाच लागते, आणि खालनं वर ओढली की जाळी बॉलच्या पाठीवर घासते आणि बॉल पुढं फिरत जातो. पुढं फिरणारा बॉल हवेत लवकर खाली वळतो, म्हणून जोरात मारला तरी आत पडतो आणि पडल्यावर उसळतो. नेट मधोमध ३ फूट आणि खांबापाशी साडेतीन फूट उंच असतं, आणि कोर्ट एका बेसलाईनपासनं (कोर्टाची मागची शेवटची रेघ) दुसऱ्यापर्यंत ७८ फूट, म्हणजे नेटच्या वरनं दोन-तीन फूट अंतर ठेवून जोरात मारायचं आणि तरी आत पाडायचं हे टॉपस्पिनशिवाय अवघडच आहे. नदालचा फोरहँड हायस्पीड कॅमेऱ्यानं मोजला तेव्हा बॉल मिनिटाला सरासरी सुमारे ३२०० फेरे घेत होता, फेडररचा सुमारे २७००. नदाल सेमी वेस्टर्न, फेडरर ईस्टर्नकडचा. पण फेडररचे २७०० हे काय कमी आहेत का? नाहीत. म्हणजे मुठीनं सगळं होत नाही, हात किती वेगानं आणि कुठल्या वाटेनं जातो ते पण तेवढंच मोठं आहे.

मोठे खेळाडू काय धरतात, आणि का

ही नावं कुठनं आली ते कळलं तर "का" पण कळतं. पूर्वी युरोपात बॉल खाली राहणाऱ्या कोर्टावर जी मूठ चालायची ती कॉन्टिनेंटल, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची ती ईस्टर्न, आणि पश्चिमेकडं कॅलिफोर्नियात सिमेंटच्या कोर्टावर बॉल उंच उसळायचा तिथली ती वेस्टर्न. सॅन फ्रान्सिस्कोचा बिल जॉन्स्टन हा बुटका खेळाडू वेस्टर्न फोरहँडसाठी प्रसिद्ध होता, १९२३ ची विम्बल्डन त्यानं जिंकली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी पण जमीन आणि उसळी बघूनच मूठ ठरत होती. आपल्याकडं बहुतेक कोर्टं सिमेंटची, आणि सिमेंटवर नवा बॉल चांगलाच उसळतो, हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

कॉन्टिनेंटलनं फोरहँड मारणारे मोठे खेळाडू म्हणजे रॉड लेव्हर आणि जॉन मॅकेन्रो. लेव्हरनं १९६२ आणि १९६९ अशी दोन वर्षं चारही ग्रँड स्लॅम जिंकली. पण तेव्हा लाकडी रॅकेटी होत्या, चारपैकी तीन स्पर्धा गवतावर, बॉल गुडघ्याच्या आसपासच राहायचा. आज त्या मुठीनं बेसलाईनवरनं रॅली करणारा वरच्या दर्जाचा खेळाडू सापडत नाही. पण सर्व्हिस, व्हॉली (टप्पा पडायच्या आधी मारलेला फटका), स्मॅश, स्लाईस (बॉलला उलटी फिरकी देऊन खाली ठेवणारा फटका) हे सगळं आजही कॉन्टिनेंटलनंच मारतात, म्हणून ती शिकायची नाही असं नाही, ती शिकायचीच, फक्त फोरहँडच्या रॅलीसाठी नाही. आपल्या कर्नाटकातला, कोडगूचा रोहन बोपण्णा बघा, २०२४ ला ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकला, त्याची सर्व्हिस आणि नेटवरचं काम बघितलं की २ नंबरच्या कडेचं महत्त्व कळतं.

ईस्टर्नमध्ये पीट सॅम्प्रस, डेल पोत्रो, आणि रॉजर फेडरर. फेडररची मूठ अगदी पुस्तकातल्यासारखी ३ वर नाही, थोडी ४ कडं झुकलेली. ईस्टर्नचा फायदा असा की फटका सपाट आणि जड जातो, खालचा बॉल सहज उचलता येतो, आणि नेटवर जाताना मूठ थोडीच फिरवायला लागते. तोटा एकच पण मोठा, खांद्याच्या वरचा बॉल आला की हात अडकतो. डेल पोत्रो ६ फूट ६ इंच उंच, दुसऱ्याच्या खांद्यावर येणारा बॉल त्याच्या छातीवरच येतो, त्यामुळं त्याला ती चालली. पाच फुटाच्या पोराला नदालसारखा उसळता बॉल आला की ईस्टर्न जड जाते.

सेमी वेस्टर्नमध्ये आजचे आणि कालपरवापर्यंतचे बहुतेक जण आले, नदाल, मरे, सिनर, अल्काराझ. जोकोविच ४ आणि ५ च्या मधल्या जागेत आहे. ही मूठ आज इतकी का पसरली? कोर्टं सरासरीनं सारखी झाली, बॉल उंच येतो, रॅकेटची तोंडं मोठी झाली, आणि तारा बदलल्या. १९९७ ला गुस्तावो कुएर्टेननं पॉलिस्टर तार लावून फ्रेंच ओपन जिंकली आणि त्यानंतर ती तार सगळीकडं गेली. पॉलिस्टरची तार सरकून परत जागेवर येते, त्यानं बॉलला जास्त फिरकी मिळते, मग जोरात मारूनही बॉल आत पडतो. सेमी वेस्टर्न आणि पॉलिस्टर एकमेकांना धरून वाढलेत.

पूर्ण वेस्टर्नच्या बाजूला निशिकोरी, खाचानोव्ह, जॅक सॉक, बायकांमध्ये इगा श्वियाँतेक आणि कोको गॉफ. उंच उसळणाऱ्या बॉलवर यांचा फोरहँड बघत राहावा असा. पण खाली राहणारा स्लाईस आला, किंवा वेगात अंगावर आला, की गुडघे पार वाकवून, हात वळवून उचलायला लागतो, गॉफच्या फोरहँडवर समोरच्या खेळाडू मुद्दाम तसाच बॉल टाकतात. वेस्टर्नच्याही पुढं गेलेला एक होता, अल्बर्टो बेरासातेगी, स्पेनचा, तो इतकी मूठ फिरवायचा की फोरहँड आणि बॅकहँड रॅकेटच्या एकाच तोंडानं मारायचा. १९९४ च्या फ्रेंच ओपनची फायनल खेळला, ब्रुगेराकडनं हरला. मातीवर ते चाललं, सगळीकडं चाललं नाही.

माझं मनगट

कॉलेजात असताना मी टीव्हीवर नदाल बघितला आणि एका शिकवणाऱ्यानं मला सरळ सांगितलं, नदालसारखं धर, मूठ पूर्ण खाली घाल. मी ५ वर गेलो. नदाल ४ वर आहे हे त्याला पण माहिती नव्हतं आणि मला पण. मी पाच फूट पाच इंच, पायात वेग कमी, बॉलच्या मागं वेळेत पोचायचो नाही, त्यामुळं बॉल अंगाच्या बाजूला, उशिरा सापडायचा, आणि झाकलेलं तोंड उघडायला मी प्रत्येक फटक्याला मनगट ओढायचो. तीन महिन्यात मनगटाची करंगळीकडची बाजू दुखायला लागली, बादली उचलता येईना, पावसाळाभर खेळ बंद. सेमी वेस्टर्न आणि वेस्टर्नवाल्यांना दुखतं ते बहुधा याच करंगळीकडच्या बाजूला, ईस्टर्नवाल्यांना अंगठ्याकडच्या बाजूला, हे मला नंतर कळलं. दुखण्याची जागा बघून मूठ आणि बॉल भेटायची जागा दोन्ही तपासा, आणि दुखत असताना "सवय होईल" म्हणून खेळत राहू नका, डॉक्टरकडं जा.

तुमची ग्रिप कुठली ते शोधायचं कसं

पहिलं, हँडलचा साईझ. हँडल जाड असेल तर मूठ फिरतच नाही, पातळ असेल तर फटक्यात रॅकेट हातात वळते. ईस्टर्ननं धरा, दुसऱ्या हाताची तर्जनी तुमच्या अनामिकेच्या टोकाच्या आणि तळहाताच्या मधल्या फटीत घालून बघा, नीट बसली तर साईझ बरोबर, बसलीच नाही तर हँडल बारीक, मोकळी हलली तर जाड. एल १ म्हणजे ४ १/८ इंच, एल २ म्हणजे सव्वाचार, एल ३ म्हणजे ४ ३/८. नदाल एल २ वापरायचा, फेडरर एल ३. दोन्हीच्या मध्ये अडकलात तर बारीक घ्या, वरनं ओव्हरग्रिप गुंडाळली की साधारण अर्धा साईझ वाढतो, जाड हँडल मात्र बारीक करता येत नाही. कंपनीप्रमाणं हँडलचा आकार पण बदलतो, हेडची हँडलं जुन्या काळापासनं थोडी चपटी, विल्सन आणि बाबोलाटची चौकोनाकडं झुकणारी, त्यामुळं मित्राच्या रॅकेटवर तुमची मूठ वेगळी लागली तर घाबरू नका.

दुसरं, भिंतीची परीक्षा. ही मी सगळ्यांना करायला लावतो. भिंतीला किंवा कोर्टाच्या खांबाला रॅकेटचं तोंड सपाट लावा, जसं काय बॉल तिथंच भेटलाय, आणि अंगानं ढकला. कमरेच्या उंचीवर, मग छातीच्या, मग खांद्याच्या. प्रत्येक उंचीवर ३, ४, ५ तिन्ही मुठींनी. कुठं हात भक्कम लागतो आणि कुठं मनगट मागं मोडतं ते लगेच कळतं. तालमीत पैलवान एकमेकांना धरून जोर अजमावतात तसंच आहे हे, अनगोळच्या एका पोराला मी ही परीक्षा सांगितली तर तो म्हणाला, सर, हे आमच्या आखाड्यातलंच की.

तिसरं, तुमच्याकडं बॉल कसा येतो ते मोजा. नियमाप्रमाणं नवा बॉल १०० इंचावरनं सोडला तर ५३ ते ५८ इंच उसळला पाहिजे. आपण खेळतो ते बॉल महिना-महिना चालवलेले, जून-जुलैत ओलसर झालेले, तेवढे कुठले उसळतात. म्हणजे त्याच सिमेंटवर एप्रिलमध्ये बॉल छातीवर आणि पावसाळ्यात मांडीवर. एक दिवस मित्राला बाजूला उभं करा आणि वीस फोरहँडला बॉल तुमच्या अंगाच्या कुठल्या भागासमोर भेटला ते लिहून घ्यायला सांगा. बहुतेक कमरेच्या खाली भेटत असेल तर ५ चा विचार सोडून द्या.

माझं मत विचाराल तर मोठ्या माणसानं, आठवड्यातनं तीन-चार दिवस खेळणाऱ्यानं, ३ आणि ४ च्या मधनं सुरुवात करावी आणि जम बसेल तसं ४ कडं जावं. उंच असाल, सपाट मारायला आवडत असेल, डबल्स जास्त खेळत असाल, तर ३ वर राहा, काही बिघडत नाही. ५ मी कुणाला आपणहून शिकवत नाही. एखादं पोरगं आधीच ५ वर पक्कं झालंय आणि दुखत नाही, तर मोडत पण नाही.

लहान पोरांचं वेगळं. आठ-नऊ वर्षाच्या पोराला मोठ्यांचा पिवळा बॉल दिला की तो त्याच्या डोक्यावरनं जातो, मग पोरगं आपोआप मूठ खाली सरकवत ५ वर जातं, कारण तेवढ्या उंचीवर तीच चालते. चूक पोराची नाही, बॉलची आहे. लाल, केशरी आणि हिरव्या ठिपक्याचे हळू बॉल मिळतात, लाल साधारण ७५ टक्के हळू, केशरी ५०, हिरवा २५. २०१२ पासनं दहा वर्षाखालच्या मुलांच्या स्पर्धा असल्याच बॉलवर घ्यायच्या असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आई-वडिलांनी एवढा खर्च करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मूठ बदलायची तर सहा आठवडे द्या

पहिला आठवडा बॉल नको. घरात बसल्या बसल्या रॅकेट हातात, २ वरनं ४ वर, परत २, रोज शंभर वेळा, न बघता. फिरवायची ती उजव्या हातानं नाही. डावा हात रॅकेटच्या गळ्याला, खांदे वळताना डाव्या हातानं रॅकेट फिरवायची आणि उजवा हात फक्त सैल सोडून परत धरायचा. टीव्हीवर बघा, फोरहँडच्या आधी प्रत्येकाचा दुसरा हात रॅकेटवर असतो, तो तिथं शोभेला नसतो.

दुसरा आठवडा, सर्व्हिस लाईनच्या आत उभं राहून, नेटपासनं २१ फुटाच्या आत, मित्रानं हातानं बॉल टाकायचा आणि तुम्ही हळू, खालनं वर, बॉल त्याच्यापर्यंत पोचेल एवढंच. इथं बॉल नेटमध्ये जाणारच, पोरं लगेच म्हणतात, "सर, जुनीच बरी होती की ओ." त्यावेळी मूठ परत फिरवायची नाही, बॉल आणखी पुढं घ्यायचा आणि रॅकेट आणखी खालनं आणायची.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बेसलाईनवरनं फक्त क्रॉस कोर्ट, म्हणजे समोरच्या तिरक्या कोपऱ्यात. नेट मधोमध खाली असतं आणि तिरकं अंतर पण लांब, म्हणून नव्या मुठीला क्रॉस कोर्ट सोपं. नेटच्या वर तीन-चार फुटावर एक दोरी बांधा आणि दोरीच्या वरनं मारा. या दोन आठवड्यात मॅच खेळू नका, हे मी हात जोडून सांगतो, कारण मॅचमध्ये ३०-४० झालं की हात जुन्या मुठीवर जातो आणि सगळं पाण्यात.

पाचव्यात खालचे आणि उंच बॉल वेगवेगळे घ्या, खालच्याला गुडघे वाकवून, मूठ न बदलता. सहाव्यात सर्व्हिस रिटर्न. रिटर्नला वेळ नसतो, म्हणून बरेच मोठे खेळाडू फोरहँडची मूठ धरूनच वाट बघतात आणि बॅकहँडला आला तरच फिरवतात, काही जण कॉन्टिनेंटल धरून दोन्हीकडं फिरवतात, दोन्ही करून बघा.

मध्ये बिघडलं तर काय बघायचं ते पण सांगतो. बॉल लांब उडतोय: मूठ नकळत २ कडं सरकली का ते नंबर बघून तपासा, बहुतेक वेळा तेच असतं. बॉल नेटमध्ये जातोय: उशिरा भेटतोय, अंगाच्या बाजूला. बॉल उंच जातोय पण मध्येच पडतोय, जोर नाही: नुसतं वर घासताय, पुढं ढकलत नाही. कोपर दुखतंय: बहुधा आवळून धरताय.

आवळण्याबद्दल एक आठवण. मी लहानपणी ज्या कोर्टावर जायचो तिथं एक म्हातारे मार्कर होते, कानडी बोलणारे, कोर्टावर पाणी मारायचे आणि चुना ओढायचे. मी सर्व्हिस रिटर्नला दात-ओठ खाऊन उभा असलो की ते लांबनं ओरडायचे, "सडल हिडी, सडल हिडी." सैल धर. पाखरू धरल्यासारखं, एवढंच सैल की ते उडू नये, आणि बॉल भेटतो त्या क्षणी हात आपोआप आवळतो, आपण मुद्दाम आवळायला लागत नाही. दहा पैकी तीन-चार एवढाच जोर. पोरांच्या बोटांची नखं पांढरी दिसली की मी आजही तेच दोन शब्द ओरडतो, मराठी पोरांना पण बरोबर कळतात.

शेवटी ओव्हरग्रिपचं. आपल्याकडं मार्च ते मे हाताला घाम आणि जून ते सप्टेंबर हवेतच पाणी. चिकट प्रकारची ओव्हरग्रिप घाम आला की साबणासारखी होते, घामट हातवाल्यांनी कोरडी, कापडासारखी लागणारी घ्यावी, ती ओल आली की जास्त धरते पण लवकर झिजते. गुंडाळायला बुडाकडनं, निमुळत्या टोकानं सुरुवात करा, ताण सारखा ठेवा, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडाच चढवा, जास्त चढवलात तर आठ कडा गोल होऊन जातात आणि बोटाला २ कुठला, ४ कुठला ते कळतच नाही. गुंडाळून झाली की डोळे मिटा, रॅकेट हातात फिरवा आणि उंचवट्यानं ४ नंबर शोधा. सापडला नाही तर उलगडा आणि परत गुंडाळा.